इतिहास शिकणाऱ्याला पैसे कोण देतं? रमण्यापासून महाडीबीटीपर्यंत

बारावीचा निकाल लागला की बी.ए.ला इतिहास घेऊ पाहणारी मुलं एकच प्रश्न विचारतात : "याला शिष्यवृत्ती कुठली मिळते?" उत्तर देताना शिक्षकही अडखळतात. केंद्र सरकारची पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एक मोठी योजना २००८ पासून आहे. बोर्डाच्या परीक्षेतल्या गुणांवर दरवर्षी देशभरात ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या त्यातून दिल्या जातात, आणि त्यांतल्या निम्म्या मुलींसाठी असतात. पण शाखांमधली वाटणी पाहा. विज्ञान, वाणिज्य आणि कला यांना ३:२:१ या प्रमाणात. सहातली एक कलाशाखेची, आणि त्या एकीत मराठी, भूगोल, मानसशास्त्र, राज्यशास्त्र घेणाऱ्यांबरोबर इतिहासवाला उभा.

हे प्रमाण एकदम कुणाच्या डोक्यातून आलेलं नाही. कोणतं ज्ञान उपयोगाचं आणि त्यावर कुणाचा पैसा खर्च करावा, हा वाद महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. त्याचं मूळ शोधत गेलं की आपण पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यावर, म्हणजे पेशवे जिथे दक्षिणा वाटत त्या आवारात, जाऊन पोचतो.

श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा सेनापती खंडेराव दाभाड्यांनी तळेगावला सुरू केली. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत पहिल्या बाजीरावांविरुद्ध लढताना त्यांचे पुत्र त्रिंबकराव दाभाडे पडले आणि ही प्रथा बाजीरावांनी पुण्यात आणली. पुढे तिचा व्याप इतका वाढला की दूरदूरच्या प्रांतांतून लोक पायी येत. सर्वसाधारण ब्राह्मणांना रमण्याच्या आवारात थोडी थोडी रक्कम मिळे. शास्त्री-पंडितांची मात्र परीक्षा होई, आणि विद्वत्तेप्रमाणे दक्षिणेचा आकडा ठरे. रामशास्त्री प्रभुण्यांची एक गोष्ट या संदर्भात सांगतात. त्यांचे थोरले बंधू दक्षिणेला आले तेव्हा नाना फडणविसांनी वीस रुपये सुचवले. रामशास्त्री म्हणाले, यांची विद्या बेताची, इतरांप्रमाणे दोनच रुपये द्या. भाऊ म्हणून जे द्यायचं ते मी घरून देईन. गुणवत्तेची यादी करताना आपल्या माणसाला वर सरकवायचं नाही, हा नियम तेव्हाही कुणाला तरी पाळावा लागत होता.

या दक्षिणेत इतिहासाला मात्र जागा नव्हती. न्याय, व्याकरण, वेदान्त, ज्योतिष, धर्मशास्त्र यांची परीक्षा होई. बखरी लिहिल्या जात होत्या आणि तवारिखा, म्हणजे फारसी इतिहास, वाचल्या जात होत्या, पण ते कारकुनाचं काम, विद्या नव्हे. दुसरी मर्यादा त्याहून मोठी. ही मदत एकाच जातीच्या पुरुषांसाठी होती. ज्ञानासाठी राज्याच्या खजिन्यातून पैसा द्यावा हा चांगला विचार आणि तो कुणाला नाकारायचा याची भिंत, दोन्ही एकाच वेळी उभी राहिली. पुढच्या दीडशे वर्षांचं भांडण त्या भिंतीशीच होतं.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात पाच लाखांच्या आसपास असलेली दक्षिणा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या इंग्रज प्रशासकाने चालू ठेवली, पण ती पन्नास हजारांवर आणली. लोक बिथरू नयेत म्हणून ती एकदम बंद केली नाही. ६ ऑक्टोबर १८२१ ला विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली आणि या रकमेतला एक भाग तिकडे वळला. पुढे नवीन माणसांची नावं यादीत घेणंच सरकारने थांबवलं. जुनी माणसं जसजशी जात, तसतशी शिल्लक वाढे.

ही शिल्लक कुठे जाणार, यावर १८४९ मध्ये पुण्यात ठिणगी पडली. गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला : हा पैसा मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्या, आणि जात पाहू नका. सनातनी मंडळींनी लगोलग विरोध केला. अर्ज घेऊन जाणाऱ्यांना मार बसेल अशी अवस्था होती, तेव्हा जोतीराव फुल्यांनी आपली माणसं घेऊन त्यांची पाठराखण केली. त्यानंतर दक्षिणा प्राइझ कमिटी आली आणि मराठी पुस्तकांच्या बक्षिसासाठी वर्षाला तीन हजार रुपये बाजूला काढले गेले. पण समितीत बसलेले बहुतेक जुनेच लोक होते. फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक तिच्याकडे पाठवलं, ते नाकारलं गेलं. दार सगळ्यांना उघडल्याचं कागदावर लिहिणं सोपं असतं. दाराशी कोण बसलंय, ते महत्त्वाचं.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं. दक्षिणेच्या पैशाला आणखी एक रूप मिळालं ते त्यानंतर, 'दक्षिणा फेलो' हे. कॉलेजात हुशार ठरलेल्या तरुणाने पुढे शिकावं, जोडीला खालच्या वर्गांना शिकवावं आणि महिन्याला वेतन घ्यावं. इथे आपल्या विषयाला पहिल्यांदा जागा मिळाली, कारण विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात इतिहास हा स्वतंत्र विषय होता. महादेव गोविंद रानडे १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकच्या तुकडीतले. १८६२ मध्ये ते बी.ए. झाले आणि इतिहास व अर्थशास्त्र घेऊन ऑनर्सही मिळवला. एल्फिन्स्टन कॉलेजात ते आधी साठ रुपयांचे कनिष्ठ आणि नंतर एकशेवीस रुपयांचे वरिष्ठ दक्षिणा फेलो होते. ज्या पैशाने कधीकाळी रमण्यावर शास्त्र्यांचा सन्मान व्हायचा, त्याच पैशावर आता एक तरुण ग्रीस-रोमचा आणि इंग्लंडचा इतिहास वाचत होता.

याच विद्यार्थिदशेतला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांचं राज्य आणि इंग्रजांचं राज्य यांची तुलना केली आणि झुकतं माप मराठ्यांना दिलं. इतिहास शिकवणारे सर अलेक्झांडर ग्रँट हे रानड्यांवर मनापासून लोभ असलेले गृहस्थ. त्यांनी रानड्यांना बोलावून, जे सरकार तुला शिकवतंय आणि तुझ्या लोकांसाठी इतकं करतंय त्याला नावं ठेवू नकोस, अशा अर्थाची समज दिली आणि सहा महिने शिष्यवृत्ती थांबवली.

सहा महिने. विद्यार्थ्याच्या आयुष्यात ही काही छोटी मुदत नाही. खोलीचं भाडं, खाणावळ, दिव्याचं तेल, सगळं त्या रकमेवर. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मिळणाऱ्या पैशाला इतर विषयांच्या पैशापेक्षा एक वेगळी गाठ असते, ती इथे दिसते. गणिताचं उत्तर कुणाला झोंबत नाही. इतिहासाचं उत्तर पैसे देणाऱ्याबद्दलच असू शकतं. रानड्यांनी तो विषय सोडला नाही. चाळीसेक वर्षांनी, १९०० मध्ये, मराठी सत्तेच्या उदयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्याच प्रश्नाचं सविस्तर उत्तर आहे.

रानडे शिकत होते त्याच दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासावर टीका करणारा निबंध १८६७ मध्ये पुण्यात वाचून दाखवला. डफच्या पुस्तकाला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती आणि तोवर ते शेवटचा शब्द मानलं जाई. कीर्तन्यांनी चुका दाखवल्या आणि मूळ साधनं छापली पाहिजेत असं बजावलं. १८७८ मध्ये साने, मोडक आणि चिपळूणकरांनी जुनी साधनं छापणारं 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक काढलं, त्याचा धागा इथपर्यंत येतो. विशीतल्या विद्यार्थ्याच्या हातून केवढं काम होऊ शकतं, हे पाहायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण नाही. पदवीच्या मुलांनी फक्त नोट्स पाठ कराव्यात, संशोधन पीएच.डी.नंतर, असं मानणाऱ्यांनी कीर्तने जरूर वाचावेत.

मुलींचं काय? कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून १८८० च्या दशकात पहिल्या वर्गात पदवीधर झाल्या. इंग्लंडला जाऊन शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती गुणांप्रमाणे त्यांना मिळायला हवी होती. बाई म्हणून ती नाकारली गेली. शेवटी इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोचल्या.

विसाव्या शतकात जातीच्या त्या भिंतीला खिंडार पाडलं ते संस्थानिकांनी. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. गावाकडच्या मुलाला फीपेक्षा राहण्या-जेवणाची अडचण मोठी असते, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. बडोद्याच्या सयाजीरावांनी भीमराव आंबेडकरांना आधी मुंबईत शिकायला महिना पंचवीस रुपये दिले आणि १९१३ मध्ये कोलंबियाला पाठवलं. तिथे १९१५ मध्ये त्यांनी एम.ए.साठी लिहिलेला प्रबंध प्राचीन भारतातल्या व्यापारावर होता, म्हणजे इतिहासाचाच. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनीच दलित विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी लावून धरली, आणि अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली. आज महाराष्ट्रात बी.ए. इतिहास करणाऱ्या हजारो मुला-मुलींच्या हातात जी काही रक्कम पडते, ती बहुतांशी या वंशावळीतली आहे. ती विषयासाठी मिळत नाही. सामाजिक न्यायासाठी आणि आर्थिक अडचणीसाठी मिळते. ती नसती तर इतिहासाचे वर्ग निम्मे रिकामे असते.

विषयासाठी म्हणून पैसा स्वातंत्र्यानंतर विज्ञानाकडे गेला. देशाला धरणं, पोलाद आणि अणुभट्ट्या उभारायच्या होत्या, त्यामुळे त्यात नवल नाही. १९६३ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा सुरुवातीला फक्त विज्ञानाची होती. सामाजिक शास्त्रांना तिच्यात जागा मिळाली १९७६ नंतर. आता तीही थांबलेली आहे. इतिहास संशोधनासाठी भारतीय इतिहास अनुसंधान परिषद १९७२ मध्ये स्थापन झाली, पण तिच्या पाठ्यवृत्त्या पीएच.डी. आणि त्यापुढच्या. पदवीचा विद्यार्थी तिच्या अंगणातच येत नाही. २००८ मध्ये विज्ञानासाठी 'इन्स्पायर' आली, वर्षाला ८०,००० रुपयांची. त्यातले २०,००० उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या मार्गदर्शकाकडे राहून प्रकल्प करण्यासाठी. ही कल्पना मला मनापासून आवडते, आणि म्हणूनच ती इतिहासाला नाही याचं वाईट वाटतं. कारण इतिहासाच्या मुलाला नेमकं हेच हवं असतं.

आत्ताच्या योजना बहुतेक करून फीच्या परताव्याच्या आहेत. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भरायचा तर तालुक्याच्या सायबर कॅफेत रांग लावा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणा, आधारशी जोडलेलं खातं दाखवा, मग कॉलेजच्या लॉगिनवर अर्ज पुढे सरकायची वाट पाहा. एवढं करून हाती येतो तो फीचा परतावा, आणि अनुदानित कॉलेजात बी.ए.ची फी मुळात कमी. ज्या मुलाचं अभियांत्रिकीचं लाखभर शुल्क माफ होतं, त्याला योजनेचा आधार वाटतो. इतिहासवाल्याचा खरा खर्च मेसचा, खोलीचा, एस.टी.चा. त्याला भिडणारी एक योजना म्हणजे अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची 'स्वाधार'. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना ती राहण्या-जेवणासाठी रक्कम देते. शाहू महाराजांनी जे ओळखलं होतं, त्याच्या जवळ जाणारी ही.

आणि मग कॉलेजातली बक्षिसं. बहुतेक जुन्या कॉलेजांत इतिहासात पहिल्या येणाऱ्यासाठी एखादं पारितोषिक असतं, कुणाच्या तरी आई-वडिलांच्या किंवा लाडक्या सरांच्या स्मरणार्थ. देणाऱ्याने एकरकमी ठेव दिलेली असते आणि तिच्या व्याजातून बक्षीस निघतं. ठेव त्या काळी भरघोस होती. रुपया घसरत गेला, ठेव तिथेच राहिली. त्यामुळे स्नेहसंमेलनात नाव पुकारलं जातं, टाळ्या पडतात, मुलगी स्टेजवर जाते, आणि पाकिटात निघतात एकशे एक रुपये. ते पाकीट ती वर्षानुवर्षं जपते, हे मी पाहिलंय. त्या रकमेला कमी लेखायचं माझ्या मनातही येत नाही. पण त्याच मुलीला पुण्याच्या पेशवे दफ्तरात जाऊन रुमालात बांधलेले मोडी लिपीतले कागद पाहायचे असतात. त्यासाठी आधी मोडीचा वर्ग करायला हवा, मग शहरात राहायला जागा, रोजचं जेवण, टिपणांसाठी वह्या आणि घरी पटवून सांगता येईल असं काहीतरी कारण. सातारा किंवा परभणीहून आलेल्या मुलीसाठी यातली प्रत्येक पायरी पैशाची असते. माजी विद्यार्थ्यांनी त्या जुन्या ठेवीत भर घालून बक्षिसाचं रूपांतर 'एका उन्हाळ्याच्या खर्चात' करावं, एवढं तर कुठल्याही कॉलेजाला जमण्यासारखं आहे. त्यासाठी मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. इतिहास विभागाच्या प्रमुखाने संस्थेच्या बैठकीत एक ठराव मांडावा लागतो.