काबिब्बो कोन

काबिब्बो कोन म्हणजे दुर्बल बलाच्या (बीटा क्षयासारखी कणांची तोडफोड घडवणाऱ्या बलाच्या) हिशोबात डाऊन आणि स्ट्रेंज हे दोन क्वार्क, म्हणजे प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात त्या मूलकणांपैकी दोन, किती मिसळलेले असतात त्याचं माप. किंमत साधारण १३ अंश, साइन काढला तर ०.२२५, कोसाइन ०.९७४. इटलीचे निकोला काबिब्बो (१९३५–२०१०) ह्यांनी १९६३ मध्ये तो मांडला म्हणून हे नाव. मराठीत कॅबिबो असंही लिहितात, पण इटालियन उच्चार काबिब्बोच्या जवळ जातो म्हणून इथे तोच ठेवलाय.

मेसॉन म्हणजे एक क्वार्क आणि एक अँटीक्वार्क ह्यांची जोडी. चार्ज्ड पायॉनमध्ये अप आणि डाऊन असतात, चार्ज्ड केऑनमध्ये डाऊनच्या जागी स्ट्रेंज येतो. डाऊन, स्ट्रेंज आणि बॉटम ह्या तिघांचा विद्युतभार सारखाच, फरक फक्त वस्तुमानाचा, आणि ह्या फरकाला इंग्रजीत फ्लेवर म्हणतात. त्याचं चव असं भाषांतर केलेलं मला पटत नाही. हा शब्द गेल-मान आणि फ्रिट्श ह्यांना १९७१ च्या सुमारास पासाडेनातल्या एका आइस्क्रीमच्या दुकानात सुचला, तिथे तो शोभतो, पण आमच्या इकडे मिरगाच्या आधी कृषी केंद्राच्या काउंटरवर उभा असलेला माणूस विचारतो ते कोणतं वाण आहे, सरकी तर सगळी कापसाचीच असते. क्वार्कचंही तसंच आहे, म्हणून ह्या नोंदीत फ्लेवरला वाण म्हटलंय. स्ट्राँग बल आणि विजेचं बल क्वार्कचं वाण बदलत नाही, बदलतं ते फक्त दुर्बल बल, त्यामुळे चार्ज्ड पायॉन आणि केऑन ह्यांना तुटायचं असलं की दुर्बल बलाच्याच दारातून जावं लागतं, आणि म्हणूनच मूलकणांच्या मानाने ते भरपूर जगतात.

आता मिसळण म्हणजे काय ते. दुर्बल बलात अप क्वार्क ज्याच्याशी जोडी लावतो तो शुद्ध डाऊन नसतो, तो डाऊन गुणिले कोसाइन थीटा अधिक स्ट्रेंज गुणिले साइन थीटा असा असतो, थीटा म्हणजे हाच कोन. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वावरात मधे तुरीचं तास, म्हणजे ओळ टाकतात तसं समजा. कोसाइनचा वर्ग ०.९५ आणि साइनचा वर्ग ०.०५, म्हणजे वीस तासांपैकी एकोणीस कपाशीची आणि एक तुरीचं. महत्त्वाची गोष्ट ही की वावर तेवढंच राहतं, तुरीला तास दिलं की ते कपाशीतून कमी होतं, दोन्ही वर्गांची बेरीज एकच यायला पाहिजे. ह्याला दुर्बल बलाची युनिव्हर्सॅलिटी म्हणतात आणि काबिब्बोच्या कामाचा गाभा तोच आहे. (किती तासं ते वर्गावरून निघतं, कोनावरून नाही, पोरं इथे नेहमी चुकतात.)

हा कोन कुठून निघतो ते बघायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, बारावी सायन्सचं पोरगं मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर काढू शकतं आणि मी ते काढून घेतलेलंही आहे. चार्ज्ड पायॉनचं सरासरी आयुष्य २६ नॅनोसेकंद आणि तो जवळपास प्रत्येक वेळी म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) आणि न्यूट्रिनो (भार नसलेला, अगदी हलका कण) ह्यांतच तुटतो. चार्ज्ड केऑनचं आयुष्य १२.४ नॅनोसेकंद, पण म्युऑन-न्यूट्रिनो हा मार्ग तो ६३.६ टक्के वेळाच घेतो. म्हणजे ह्या एका मार्गाचा वेग धरला तर केऑन पायॉनच्या १.३४ पट, फार काही फरक नाही. पण वस्तुमानं बघा, पायॉन १३९.६ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक), केऑन ४९३.७ आणि म्युऑन १०५.७. पायॉन म्युऑनपेक्षा थोडासाच जड, त्याला सुटायला जागाच उरत नाही, केऑनला मोकळं रान. सूत्रात मेसॉनचं वस्तुमान गुणिले (१ वजा म्युऑन आणि मेसॉन ह्यांच्या वस्तुमानांच्या गुणोत्तराचा वर्ग) ह्याचा पुन्हा वर्ग असं येतं, पायॉनला ते २५.४ आणि केऑनला ४४९.५, भागाकार १७.७. म्हणजे दुर्बल बल दोन्ही वाणांना सारखं वागवत असतं तर केऑन ह्या मार्गाने १७.७ पट वेगात तुटायला पाहिजे होता आणि प्रत्यक्षात तुटतो १.३४ पट. १.३४ ला १७.७ ने भागा, वर्गमूळ घ्या, ०.२७५ येतं. ह्यात कोनाचा टॅन आणि दोन मेसॉनच्या क्षय-स्थिरांकांचं (मेसॉनच्या आतल्या बांधणीवर ठरणाऱ्या आकड्यांचं) गुणोत्तर असे दोघं मिसळलेले आहेत, ते गुणोत्तर लॅटिस गणितातून (स्ट्राँग बलाच्या संगणकावरच्या हिशोबातून) १.१९ निघतं, त्याने भागलं की ०.२३१ उरतं आणि त्याचा कोन १३ अंश. १९६३ मध्ये हे १.१९ कुणाजवळ नव्हतं, ते एक धरून आणि तेव्हाचे आकडे घेऊन काबिब्बोला ०.२५७ रेडियन मिळाले, म्हणजे १५ अंशांच्या जरा खाली.

हे तुटणं आपल्या डोक्यावर रोज चालू असतं. कॉस्मिक किरण वरच्या हवेत आदळले की पायॉन आणि थोडे केऑन तयार होतात, ते तिथेच तुटतात आणि त्यांचे म्युऑन खाली येतात, समुद्रसपाटीला एका चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक. म्हणजे जागलीला वावरात बसलेल्या माणसाने तळहात उघडा धरला तर मिनिटभरात शंभराच्या आसपास म्युऑन त्यातून जातात, बहुतेक पायॉनचे, आणि केऑनचे जे असतात ते ह्या साइनच्या चिमूटभर वाट्यातून आलेले.

स्ट्रेंज कणांचा पत्ता १९४७ मध्ये मँचेस्टरला लागला, रोचेस्टर आणि बटलर ह्यांना क्लाऊड चेंबरमध्ये (कणाची वाट धुक्याच्या रेघेने दाखवणाऱ्या पेटीत) इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खुणा दिसल्या. हे कण तयार होतात पटकन आणि तुटतात सावकाश ह्याचा उलगडा म्हणून १९५३ च्या आसपास गेल-मान आणि वेगळ्याने निशिजिमा-नाकानो ह्यांनी स्ट्रेंजनेस नावाची नवी संख्या आणली. १९५७ मध्ये सुदर्शन आणि मार्शक ह्यांनी दुर्बल बलाचं व्ही-ए (व्हेक्टर वजा अॅक्सियल, म्हणजे आरशातल्या प्रतिमेत एक चिन्ह बदलतो आणि एक बदलत नाही अशा दोन भागांचं) रूप मांडलं, त्यातले सुदर्शन आपले केरळचे, काही वर्षं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. फाइनमन आणि गेल-मान ह्यांचा त्याच विषयावरचा पेपर १९५८ चा. व्ही-ए जमलं पण मग अडचण उघडी पडली. एक तर लँब्डासारखे जड स्ट्रेंज कण बीटा क्षयाने जितके तुटायला पाहिजेत त्याच्या कितीतरी कमी तुटत होते, आणि दुसरं म्हणजे म्युऑनच्या आयुष्यावरून काढलेला दुर्बल स्थिरांक (दुर्बल बलाची ताकद सांगणारा आकडा) आणि ऑक्सिजन-१४ सारख्या केंद्रकाच्या बीटा क्षयावरून काढलेला स्थिरांक ह्यांत दोन-तीन टक्क्यांचा फरक राहत होता. हा लहान फरक आणि ती मोठी तूट एकाच हिशोबाच्या दोन बाजू आहेत हे दिसणं हीच खरी नजर.

ती नजर आधी कुणाची ह्यावर मतभेद आहेत. गेल-मान आणि लेव्ही ह्यांच्या १९६० च्या पेपरात एका तळटिपेत सूचना आहे की प्रोटॉनची जोडी न्यूट्रॉन अधिक एप्सिलॉन गुणिले लँब्डा अशा मिश्रणाशी लागते असं धरा आणि सगळ्याला १ अधिक एप्सिलॉन-वर्ग ह्याच्या वर्गमूळाने भागा. एप्सिलॉनला टॅन म्हटलं की गणिताने हे काबिब्बोचंच रूप झालं, म्हणून काही जण म्हणतात की कल्पना गेल-मानची, काबिब्बोने नाव कमावलं. दुसरी बाजू अशी की तळटीप तिथेच थांबते. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत असताना, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, काबिब्बोने जो तीन पानांचा पेपर लिहिला त्यात दुर्बल प्रवाह (दुर्बल बलात एका कणाचा दुसरा होतो ते दाखवणारी गणिती राशी) एसयू-३ सममितीच्या (कणांना कुटुंबांत बसवणाऱ्या नियमाच्या) अष्टकात, म्हणजे आठांच्या गटात बसवलाय, त्याचा व्हेक्टर भाग विजेच्या प्रवाहाच्याच अष्टकातला धरलाय, आणि मग व्हेक्टर-अॅक्सियल दोन्ही भागांना एकच कोन लावलाय. परीक्षाही तिथेच घेतली. केऑनच्या म्युऑन-न्यूट्रिनो क्षयात अॅक्सियल भाग काम करतो, तिथून ०.२५७ निघाला, केऑन तुटून पायॉन, इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो होतात त्यात व्हेक्टर भाग काम करतो, तिथून ०.२६. दोन वेगळ्या क्षयांनी एकच कोन दिला, आणि त्याच कोनावरून जड कणांच्या बीटा क्षयाचे आकडेही मांडता आले. माझ्या मते श्रेय काबिब्बोकडे ठेवणं बरोबर आहे, कारण तळटिपेतला एप्सिलॉन एका जोडीपुरता होता आणि काबिब्बोचा कोन सगळ्या हॅड्रॉनसाठी (प्रोटॉन, मेसॉन अशा स्ट्राँग बल जाणवणाऱ्या सगळ्या कणांसाठी) एकच आहे असा दावा होता, जो चुकू शकला असता आणि चुकला नाही.

इथे अजून एक दुरुस्ती करायला पाहिजे. पाठ्यपुस्तकात डाऊन आणि स्ट्रेंज ह्यांचं जे मिश्रण काबिब्बोच्या नावाने छापतात तसं १९६३ च्या पेपरात नाही, असूही शकत नाही, क्वार्कची कल्पना गेल-मान आणि झ्वाइग ह्यांनी १९६४ मध्ये मांडली. काबिब्बोचा कोन प्रवाहांमधला होता, क्वार्कमधला कोन हे नंतरचं वाचन आहे. तसंच डाऊन-स्ट्रेंज मिसळतात असं म्हणणं ही सोयीची पद्धत आहे, अप आणि चार्म (चौथा क्वार्क, तो पुढे येतो) मिसळतात असं धरलं तरी भौतिकी तीच निघते.

१९६४ मध्ये आदेमोल्लो आणि गात्तो ह्यांनी दाखवलं की एसयू-३ सममिती मोडली तरी व्हेक्टर भागातला दोष पहिल्या क्रमाने येत नाही, दुसऱ्या क्रमाने येतो. ह्याचा अर्थ केऑन-पायॉन-इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो हा क्षय कोन मोजायला फार स्वच्छ आहे, लागणारा फॉर्म फॅक्टर (मेसॉनच्या आतल्या बांधणीसाठी लावायचा गुणक) ०.९७ च्या जवळ, म्हणजे एकच्या अगदी शेजारी. अमेरिकेतला केटेव्ह, सर्नचा एनए-४८, फ्रास्कातीचा क्लो अशा प्रयोगांनी पुढे हे नीट मोजलं. कोसाइन मात्र अजूनही मुख्यतः केंद्रकांच्या बीटा क्षयातूनच येतो. २०१८ नंतर त्यातल्या रेडिएटिव्ह दुरुस्त्या (विद्युतचुंबकीय वगैरे परिणामांसाठी हिशोबात कराव्या लागणाऱ्या बारीक दुरुस्त्या) नव्याने काढल्या गेल्या, कोसाइन थोडा खाली सरकला आणि वर्गांची बेरीज एक यायच्या ऐवजी ०.९९८५ च्या आसपास येऊ लागली. फरक दोन-तीन सिग्माचा, म्हणजे मोजणीतल्या अनिश्चिततेच्या दोन-तीन पट धरतात. नवीन कण म्हणावं इतका तो मोठा नाही आणि केऑनचे दोन मार्ग आपसातही किंचित वेगळा साइन देतात, त्यामुळे आधी मोजणी आणि दुरुस्त्या पुन्हा तपासाव्यात हे मत जास्त सावध वाटतं. पण वावराच्या मोजणीत एक बोट कमी भरलं तरी शेतकरी खुणेचा दगड पुन्हा तपासतोच.

कोनाने एक नवा प्रश्नही आणला. डाऊन-स्ट्रेंज मिश्रण एकटं असेल तर भार न बदलता वाण बदलणारे क्षय, म्हणजे दीर्घायुषी न्यूट्रल केऑन तुटून म्युऑन-अँटीम्युऑन होणं वगैरे, भरपूर दिसायला हवेत, प्रत्यक्षात तो क्षय एक अब्जात सातेक वेळा होतो. १९७० मध्ये ग्लॅशो, इलिओपौलोस आणि मायानी ह्यांनी चौथा क्वार्क, चार्म, घालून हे कापून दाखवलं, आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन आणि स्लॅक ह्या प्रयोगशाळांत, दोन्हीकडे तो सापडला. दरम्यान १९७३ मध्ये कोबायाशी आणि मास्कावा ह्यांनी म्हटलं की क्वार्कच्या तीन जोड्या असतील तर एका कोनाचे तीन कोन होतात आणि सोबत एक फेज (कॉम्प्लेक्स संख्येतला कोन) उरते, ती १९६४ मध्ये केऑनमध्ये सापडलेलं सीपी उल्लंघन, म्हणजे कण आणि प्रतिकण ह्यांच्या वागण्यातला फरक समजावते. तेव्हापासून तिघांच्या आद्याक्षरांचं सीकेएम मॅट्रिक्स हे नाव चालतं. २००८ च्या नोबेलमध्ये अर्धा भाग नांबूंना आणि उरलेला कोबायाशी-मास्कावांना गेला, काबिब्बो राहिले. नियमाने तीनच नावं बसतात हे खरं, तरी मॅट्रिक्सच्या नावातलं पहिलंच अक्षर बाहेर राहिलं ह्याचं मला अजून वाईट वाटतं. २०१० चं डिरॅक पदक काबिब्बो आणि सुदर्शन ह्यांना मिळालं, त्याच वर्षी १६ ऑगस्टला काबिब्बो वारले.

कोन १३ अंशच का ह्याचं उत्तर स्टँडर्ड मॉडेलमध्ये नाही, तो मोजून आत घालावा लागतो. गात्तो, सार्तोरी आणि टोनिन ह्यांनी १९६८ मध्ये दाखवलेलं नातं मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. डाऊन आणि स्ट्रेंज ह्यांच्या वस्तुमानांचं गुणोत्तर साधारण एकाला वीस, त्याचं वर्गमूळ ०.२२४. योगायोग म्हणून सोडून द्यावा इतकं हे सैल नाही, पण सिद्धताही नाही.

जड क्वार्कांकडे हाच कोन पुढे चालतो. चार्म बहुतेक वेळा स्ट्रेंजमध्ये जातो आणि वीसातून एकदा डाऊनमध्ये, म्हणून डी मेसॉन (चार्म असलेला मेसॉन) तुटला की केऑन हमखास सापडतो. बॉटमचा चार्मकडचा आकडा (साइनसारखा, वर्ग करण्याआधीचा) फक्त ०.०४ च्या जवळ, साइनच्या वर्गाच्या टप्प्यातला, आणि बी मेसॉन (बॉटम असलेला) दीड पिकोसेकंद जगतो तो त्यामुळेच. वोल्फेनस्टाइनने १९८३ मध्ये सगळं मॅट्रिक्स ०.२२५ च्या घातांमध्ये लिहिलं ते ह्याच आधारावर. बॉटमचा हा आकडा एकेक क्षय धरून मोजला आणि सगळे क्षय मिळून मोजला तर उत्तरं जुळत नाहीत, त्यावर जपानमधल्या बेल-२ प्रयोगात काम चालू आहे आणि त्यात मुंबईची टाटा संस्थाही आहे, पण तो विषय बी मेसॉनच्या नोंदीचा.