बारावीनंतर कॉलेजात जाणाऱ्या डिस्लेक्सिया, ऑटिझमच्या पोरांचे कागद : काय लागते, केव्हा लागते

बारावीला पेपरात तासाला 20 मिनिटं जादा अन् लेखनिक (पोरगं तोंडी सांगते ते लिहून देणारा) मिळत होता, म्हटलं आता कॉलेजातही मिळनच, असं धरून चाललो अन् तिथंच फसलो. माझा भाचा यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला, त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्याची अडचण आहे. तोंडी विचारा, कपाशीवरच्या बोंडअळीचं अंड्यापासून पतंगापर्यंत सगळं सांगते, पण लिहायला बसवलं की अर्ध्या तासात चार ओळी, त्यातही 'ब' चा 'व' अन् 'भ' चा 'म'. पहिल्या सेमिस्टरला ऑफिसात विचारलं तर म्हणे लेखनिकाचा अर्ज परीक्षा फॉर्मसोबत द्यायला पाहिजे होता, आता काही होत नाही. सगळे पेपर त्यानं एकट्यानं लिहिले, अन् शेवटचा पेपर झाल्यावर दोन दिवस कोणाशी बोलला नाही. म्हणून हे लिहून राहिलो.

बोर्डाची सवलत बोर्डापुरतीच असते, ती फाईल शाळेतून कॉलेजात आपोआप जात नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम (स्वमग्नता), बौद्धिक अक्षमता अन् विशिष्ट अध्ययन अक्षमता (म्हणजे डिस्लेक्सिया, डिसग्राफिया वगैरे) येतात. एडीएचडीचं (लक्ष एका जागी न टिकणं, अति चंचलपणा) वेगळं नाव त्या यादीत नाही, पण एडीएचडीच्या बऱ्याच पोरांना लिहिण्यावाचण्याचीही अडचण असते, तर त्याची तपासणी नक्की करून घ्या. प्रमाणपत्रावर अक्षमता 40 टक्के किंवा जास्त असली की सरकारी अन् अनुदानित कॉलेजात निदान 5 टक्के राखीव जागा अन् प्रवेशाच्या वयात 5 वर्षं सूट मिळते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. 1 जून 2021 पासून दिव्यांग प्रमाणपत्र याच ऑनलाइन पद्धतीनं निघते, स्वावलंबन कार्डच्या पोर्टलवर स्वतः भरा नाहीतर सेतू केंद्रातून भरून घ्या. आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा एवढंच लागते, पण आधारवरचं नाव अन् मार्कशीटवरचं नाव एकच आहे का ते आधी बघा, आमचे तीन आठवडे एका वेलांटीपायी गेले. अध्ययन अक्षमतेची तपासणी एका चिठ्ठीवर होत नाही, आयक्यू चाचणी असते, वाचन-लेखन-गणिताची चाचणी असते, त्याला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (दवाखान्यातला मानसशास्त्रज्ञ) लागतो. म्हणून गावातून शंभर किलोमीटर एसटीनं जायच्या आधी दवाखान्यात फोन करून तो कोणत्या वारी बसतो ते विचारा. सोबत जुने रिपोर्ट, बोर्डाच्या सवलतीचं पत्र अन् पोराच्या दोन-तीन वह्या न्या, नीट लिहिलेल्या नको, रोजच्या वापरातल्याच न्या.

अन् हे कोणी सांगत नाही: लहानपणी काढलेलं अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र कायमचं नसते, 18 पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासणी होते अन् तेव्हा मिळते ते कायमचं. नेमकं तेच वय ॲडमिशनचं. कार्डावरची मुदतीची तारीख आजच वाचा बाप्पा, अन् बारावीच्या दिवाळीतच कामाला लागा.

ॲडमिशन झाली की पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांच्या नावानं अर्ज द्या: जादा वेळ, लेखनिक, जमलं तर शांत खोली, जे लागते ते स्पष्ट लिहा, प्रमाणपत्राची प्रत जोडा अन् आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. मग दर सेमिस्टरला परीक्षा फॉर्मात दिव्यांगाचा रकाना भरायचा. आपण लेखनिक नेणार असलो तर तो परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला लागतो, म्हणून शेजारची बारावीची पोरगी आधीच पक्की करून ठेवा.

40 टक्क्याच्या खाली आले म्हणून कोणी हाकलून लावलं तर सांगा, 11 फेब्रुवारी 2021 ला सुप्रीम कोर्टानं विकास कुमार विरुद्ध यूपीएससी केसमध्ये म्हटलं आहे की लेखनिकासाठी 40 टक्क्याची अट लावता येत नाही. सरकारी कार्यालयात अन् कॉलेजात दिव्यांगांसाठी तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, त्यांचं नाव विचारा. तिथं नाही ऐकलं तर पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, लेखी अर्ज पाठवा.

पैशाचं थोडक्यात. राष्ट्रीय स्कॉलरशिप पोर्टलवर अकरावीपासून पुढची शिष्यवृत्ती आहे, 40 टक्के प्रमाणपत्र अन् घरचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला अन् आधार जोडलेलं बँक खातं पाहिजे. एसटीत तिकिटाला 75 टक्के सवलत आहे, रोज तालुक्याला जाणाऱ्यांना याचाच मोठा आधार होतो.

ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असलेलं लेकरू 18 चं झालं की कायद्यानं आईबापाची सही आपोआप चालत नाही. गरज असली तरच कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडं पालकत्वाचा अर्ज करता येतो. ज्याला स्वतःचं कळते त्याला स्वतः सही करू द्या. याच गटाला निरामय नावाच्या सरकारी आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत उपचाराचा खर्च मिळते, अध्ययन अक्षमता त्यात येत नाही.

भाच्याचं नवीन कार्ड आलं, दुसऱ्या सेमिस्टरचा अर्ज शिक्क्यासकट फाईलमध्ये आहे, अन् यावेळी तो अर्ज ऑफिसात त्यानं स्वतः नेऊन दिला.