पार्श्वभूमी : संमती देऊ न शकणाऱ्या रुग्णांवरचे संशोधन

स्मृतिभ्रंश, बौद्धिक अक्षमता किंवा डोक्याला झालेली गंभीर इजा यांवर उपचार शोधायचे, तर चाचण्या अखेर त्याच रुग्णांवर कराव्या लागतात. पण चाचणीसाठी लागणारी, समजून-उमजून दिलेली संमती यांतले अनेक जण देऊ शकत नाहीत.

नाझी डॉक्टरांवरील खटल्याच्या निकालातून १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली. स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आणि ती देण्याची कायदेशीर क्षमताही हवी, असे तिचे पहिलेच कलम सांगते. ते अक्षरशः पाळले असते, तर वाढलेल्या स्मृतिभ्रंशावर संशोधनच थांबले असते. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने वाट काढली : रुग्ण अक्षम असेल, तर कायदेशीर पालकाची संमती चालेल.

पण पालकाची सही पुरेशी असते का? न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील विलोब्रुक या संस्थेत बौद्धिक अक्षमता असलेली मुले राहत. १९५६ पासून डॉ. सॉल क्रुगमन यांच्या चमूने तिथल्या काही मुलांना मुद्दाम काविळीच्या विषाणूची लागण केली. गर्दी आणि अस्वच्छतेमुळे मुलांना कावीळ तशीही होणारच, हे त्यांचे समर्थन. मग आधी अस्वच्छता का हटवली नाही? पालकांची लेखी संमती घेतलेली होती, हे खरे. पण जागा नाही म्हणून नवे प्रवेश बंद झाले, तेव्हाही संशोधनाच्या विभागात प्रवेश मिळत होता. मुलाला सांभाळताना थकलेल्या, दुसरा आसरा नसलेल्या आईबापांनी तिथे केलेल्या सहीला मुक्त संमती म्हणणे मला शक्य नाही. कावीळ दोन वेगळ्या प्रकारची असते, हे याच अभ्यासांतून अधिक स्पष्ट झाले. म्हणून त्यांचे समर्थक आजही सापडतात. भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी १९६६ मध्ये अनैतिक संशोधनाची २२ उदाहरणे प्रसिद्ध केली, त्यांत विलोब्रुकही होते.

संशोधनात भाग घेणाऱ्या माणसांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आयोगाने १९७८ मध्ये संस्थांत ठेवलेल्या मनोरुग्णांसाठी स्वतंत्र शिफारशी केल्या. मुले आणि कैदी यांच्यासाठी नियम झाले. या शिफारशी मात्र नियमांत उतरल्या नाहीत.

भीतीपोटी अशा रुग्णांना संशोधनातून वगळणे हाही अन्यायच, आणि तो सहसा कुणाच्या नजरेत येत नाही. डोक्याला इजा झालेल्यांना स्टेरॉइड देण्याची पद्धत कित्येक वर्षे चालू होती. ‘क्रॅश’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत १०,००८ रुग्ण घेतले गेले. शुद्ध हरपलेल्या माणसाला विचारणार कसे? म्हणून कुठे नातेवाइकांची संमती घेतली, कुठे नैतिकता समितीने ती अट शिथिल केली. २००४ चा निष्कर्ष धक्कादायक होता : दोन आठवड्यांत स्टेरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के, तर न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के रुग्ण दगावले. चाचणी झाली नसती, तर ते औषध भल्या हेतूने देत राहिले असते.

अलीकडच्या नियमांत रुग्णाच्या स्वतःच्या इच्छेला जागा मिळू लागली आहे, आणि मला हा बदल सर्वांत मोलाचा वाटतो. इंग्लंड व वेल्सचा २००५ चा मानसिक क्षमता कायदा प्रत्येक प्रौढाला आधी सक्षमच धरतो. नुसत्या निदानावरून कुणी अक्षम ठरत नाही. संशोधनात घेतलेल्या अक्षम रुग्णाने विरोध दाखवला, हात मागे घेतला तरी, ती कृती करता येत नाही. अपवाद त्याला इजेपासून वाचवण्याचा किंवा त्याच्या वेदना कमी करण्याचा. हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २००८ च्या आवृत्तीनेही अशा रुग्णाच्या नकाराचा मान राखायला सांगितले. विलोब्रुकमधल्या मुलांच्या नकाराची दखल घेणारा असा नियम तेव्हा नव्हता.