थेरपी घेतली की माणूस ढिला पडतो म्हणे!

"मी परफेक्शनिस्ट आहे म्हणून तर इथवर आले, थेरपीत गेले तर धारच जाईल" हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकते. असं काही होत नाही हो. २००२ साली शॅफ्रन, कूपर आणि फेअरबर्न या संशोधकांनी 'क्लिनिकल परफेक्शनिझम' मांडला, त्यात प्रॉब्लेम उंच अपेक्षांचा नाहीचे, आपली सगळी किंमत त्या अपेक्षा पूर्ण होण्यावर टांगलेली असते आणि त्रास होत असूनही सुटत नाही, हा आहे. आणि परफेक्शनिस्ट म्हणजे टापटीप, वेळेत काम, हेही खोटं, कित्येक जण चुकायच्या भीतीने सुरुवातच करत नाहीत (माझा अर्धा थीसिस असाच पडून होता).

सीबीटीत (म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) मग करतात काय? समजा साधा ईमेल तुम्ही सात वेळा वाचून पाठवता. थेरपिस्ट म्हणेल, यावेळी एकदाच वाचा, पण आधी कागदावर लिहा काय आकाश कोसळणारे ते, "बॉस झापणार, भीती ९० टक्के" वगैरे, आणि दोन दिवसांनी पडताळा. मी हे करून पाहिलं तेव्हा माझ्या मेलमध्ये एक वेलांटी चुकली होती. उत्तर आलं, "ओके, थँक्स."