गावरान कोंबडी आणि अंड्यांवरून उतरलेली लेअर

सुरत-नागपूर महामार्गाने नवापूरहून साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल करत जळगावकडे निघालात तर दर दोन-चार ढाब्यांआड 'अस्सल गावरान कोंबडी' ही पाटी दिसते. एवढ्या गावरान कोंबड्या रोज येतात कुठून? गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी घालते. त्यातल्या दहा-बारांवर खुडूक होऊन बसते, एकविसाव्या दिवशी पिलं निघतात. मग घार, मुंगूस, बोका आणि मानमोडी आपापला वाटा घेतात. त्यातून वाचलेल्या पिलाला सव्वा-दीड किलोचं व्हायला पाच-सहा महिने लागतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर घरटी पाच-दहा कोंबड्या असतात, पण त्यांच्या जिवावर अख्ख्या महामार्गाचं रात्रीचं जेवण होणार नाही. ताटात जे येतं ते बऱ्याचदा दुसरंच काहीतरी असतं, आणि त्यातलं गावरानशी सगळ्यात सहज खपून जाणारं म्हणजे लेअर.

लेअर ही अंड्यांची कोंबडी. नवापूर तालुका तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी 2006 मध्ये इथल्याच पोल्ट्र्यांत, 2021 मध्ये पुन्हा आला, आणि दोन्ही वेळा लाखोंनी कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. तरी धंदा उभाच आहे. ही कोंबडी साडेचार-पाच महिन्यांची झाली की अंड्यांवर येते, वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, आणि दीड वर्षाच्या आसपास अंडी घटली की तिला काढून टाकतात. अंड्यांसाठी तिचा उपयोग संपला, पण दीड किलो वजनाचा जीव शिल्लक असतो. तो मिळेल त्या भावात विकून शेड रिकामी करणं पोल्ट्रीवाल्याला परवडतं.

इथेच घोळ होतो. 'पटकन शिजली ती बॉयलर, चिवट निघाली ती गावरान' ही आपली घरगुती परीक्षा. बॉयलर ओळखायला ती ठीक आहे, कारण ते पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचं होतं आणि त्याचं मांस कोवळंच राहतं. पण चिवटपणा येतो तो वयाने. कोंबडी जशी जून होते तसे मांसातले तंतू धरून ठेवणारे धागे घट्ट होत जातात, आणि दीड वर्षाची लेअर तर सहा महिन्यांच्या गावरान तलंगीपेक्षा कितीतरी जून. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी मांडी सुटत नाही, यावर खूश होऊन 'बघा, खरी गावरान!' म्हणणारे पाहुणे मी स्वतः पाहिलेत. पोटातून पिवळ्या अंड्यांचा घोस निघाला की खात्री पटते ती वेगळीच. तो घोस अंड्यांवरच्या कुठल्याही कोंबडीत निघतो, लेअरमध्ये तर हमखास.

फरक पाहायचा तर कोंबडी जिवंत असताना पाहावा. सगळ्यात आधी चोच. पोल्ट्रीत कोंबड्या एकमेकींना टोचतात म्हणून लहानपणीच चोचीचं टोक कापतात. ती पुन्हा पूर्ववत होत नाही, वरची चोच आखूड आणि बोथट राहते. उकिरडा उकरून पोट भरणाऱ्या कोंबडीची चोच टोकदारच हवी, नाहीतर ती जगेल कशी? मग पाय. गावरानची नळी बारीक, खवले खरखरीत, नखं उकरून उकरून झिजलेली. पिंजऱ्यातल्या लेअरची नखं वाढलेली असतात, आणि पायांचा पिवळा रंग अंडी घालता घालता उतरून फिका पडलेला असतो. मानेवरची, छातीवरची पिसं तारांना घासून गेलेली. तुरा मोठा, पातळ, एका बाजूला लोळणारा. बहुतेक लेअर पांढऱ्या असतात, पण तपकिरी जातही आहे आणि बाजारात गोंधळ उडतो तो तिच्यावरूनच. रंगावर जाऊ नका, चोच बघा.

कापून, भाजून, हळद चोळून टांगलेली कोंबडी घेतलीत तर यातले बरेच पुरावे जाळात गेलेले असतात. एवढ्यासाठीच विक्रेत्याला सोललेली दाखवायची घाई असते. 'भाऊ, गावरानीच शे, डोया मिटीसन ली ल्या,' असं कुणी म्हणालं की डोळे उघडे ठेवावेत. तरी दोन खुणा उरतात. लेअरच्या पोटात पिवळ्याधमक चरबीचे गोळे असतात. गावरान दिवसभर पळते, तिच्या अंगावर चरबी बेताची. दुसरी खूण हाडाची. वर्षभर रोज एक कवच घडवताना लेअरच्या हाडातला चुना संपत जातो, म्हणून सुरा मारला की हाड कडकन फुटून त्याच्या कपच्या होतात आणि रश्श्यात दाताखाली येतात. गावरानचं हाड घट्ट, सुऱ्याला जड जातं.

आता भाव. सातपुड्याच्या आठवडे बाजारात गावरान नगावर विकतात, शहरात किलोवर, आणि किलो म्हणजे कधी जिवंत वजन, कधी साफ केलेलं. हे आधी विचारलं नाही तर तुलनाच चुकते. पिसं, आतडी, डोकं, पाय गेल्यावर जिवंत वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश मांस हाती येतं. समजा दीड किलोची गावरान सातशे रुपयांना नग घेतली, तर मांस एक किलो, म्हणजे भाव सातशेच. तेवढ्याच वजनाची लेअर समजा एकशेवीस रुपये किलोने जिवंत घेतली, तर एकशेऐंशी रुपयांत तेवढंच किलोभर मांस. मधले पाचशेवीस रुपये म्हणजे त्या पाटीची किंमत. यात विक्रेत्याला दोष द्यावा तेवढा थोडा, पण चारशे रुपयांत पूर्ण गावरान थाळी मागणाऱ्या गिऱ्हाइकाने आपला हिशेबही एकदा तपासावा.

किराणा महागला की लेअरचा हा ओघ वाढतो, यामागे मका आहे. लेअर रोज शंभर-एकशेदहा ग्रॅम खाद्य खाते, त्यात निम्म्याहून जास्त मका आणि उरलेल्यात सोयापेंड. मका आपल्याच जळगाव-धुळ्याच्या शेतात पिकतो. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली आणि डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. मक्याचा हमीभाव 2023-24 ला क्विंटलमागे 2090 रुपये होता, तो 2025-26 ला 2400 झाला. मका पेरणाऱ्याला हे हवंच होतं, त्याबद्दल कुणी कुरकुर करू नये. पण खाद्य चढलं आणि अंड्याचा दर पडला की कमी अंडी देणारी कोंबडी पोसणं परवडत नाही, शेड लवकर रिकामी होते आणि बाजारात स्वस्त लेअर येते. त्याच सुमाराला घराघरांत गोडेतेल आणि खोबरं चढलेलं असतं. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेलं, आणि खान्देशी काळ्या रश्श्याला तेलाची तर्री आणि भाजलेलं खोबरं याशिवाय चालत नाही. मसाल्यावर एवढा खर्च केल्यावर मांसात फसणं जास्तच झोंबतं.

बाजारात तिसरीही एक आहे, रंगीत पिसांची क्रॉस. वनराज, गिरिराज, कावेरी, सोनाली अशी तिची नावं; वनराज हैदराबादच्या सरकारी संशोधन केंद्रातून आली, गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठातून. परसात सोडली तर ती चांगली कोंबडी आहे. शेडमध्ये पोत्यातल्या खाद्यावर अडीच महिन्यांत वाढवली की दिसायला गावरान आणि चवीला बॉयलरच्या जवळ. तिची छाती भरलेली असते आणि नळी जाड, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

लेअर खाण्यात वाईट काहीच नाही. प्रथिनं गावरानइतकीच, रस्साही दाट उतरतो, आणि मजुरी करणाऱ्या घरांना परवडणारं हेच मटण आहे. लेअर म्हणून, लेअरच्या भावात घ्यावी. आणल्यावर आधी पोटातली चरबी काढून टाकावी, त्याच चरबीवर कांदा परतला तर तेल वाचतं. तुकडे लहान करावेत, हळद-मीठ-आलं-लसूण आणि थोडं दही लावून दोन-तीन तास ठेवावेत, मग मसाला न घालता कुकरला लावून आधी मांस मऊ करून घ्यावं. खोबऱ्या-कांद्याचं वाटण नंतर फोडणीत भाजून त्यात हे पाणी आणि तुकडे सोडायचे. वाटण आधीच घालून तासभर शिजवलं तर मसाल्याचा वास उडून जातो. गावरानला मात्र कुकर लावू नये. झाकण ठेवून मंद आचेवर तास-सव्वा तास, वर झाकणात पाणी, आणि सोबत कळण्याची भाकरी. तिची चव त्या पाच-सहा महिन्यांच्या पळापळीची असते, शिट्टीत ती निघून जाते. धुळ्या-जळगावच्या बाजारात घेणार असाल तर सकाळी लवकर जा, कोंबडी जिवंत निवडा, चोच बघा आणि समोर कापून घ्या.