‘द कलेक्टर’ (चित्रपट, १९६५) : समीक्षकांचा प्रतिसाद

विल्यम वायलर दिग्दर्शित ‘द कलेक्टर’ हा बंदिवासावरचा मानसशास्त्रीय थरारपट जॉन फाउल्स यांच्या १९६३ सालच्या कादंबरीवर आधारलेला आहे. फुलपाखरे जमवणारा बँकेतला कारकून फ्रेडी क्लेग याला फुटबॉलच्या पैजेत घबाड मिळते. तो आडबाजूचे जुने घर विकत घेतो, चित्रकलेची विद्यार्थिनी मिरांडा ग्रे हिला पळवतो आणि ती कधीतरी आपल्यावर प्रेम करील या आशेने तिला तळघरात डांबून ठेवतो.

अभिनयाबद्दल फारसे दुमत झाले नाही. १९६५च्या कान महोत्सवात सर्वोत्तम अभिनेता आणि सर्वोत्तम अभिनेत्री हे दोन्ही पुरस्कार टेरेन्स स्टॅम्प व समँथा एगर यांना मिळाले. एगर यांना पुढे गोल्डन ग्लोबही मिळाला. ऑस्करसाठी दिग्दर्शन, अभिनेत्री आणि रूपांतरित पटकथा अशी तीन नामांकने होती, पण पुरस्कार एकही नाही. दिग्दर्शनाचा मान ‘द साउंड ऑफ म्युझिक’साठी रॉबर्ट वाइज यांना गेला, तोच चित्रपट सोडून वायलर इकडे आले होते.

वाद झाला तो रूपांतरावरून. कादंबरीत तेच दिवस आधी क्लेगच्या निवेदनातून आणि मग मिरांडाच्या रोजनिशीतून दिसतात. पटकथेने रोजनिशी वगळली. त्यामुळे मिरांडाचे अंतरंग आणि वर्गभेदाचा धागा फिका पडला, हा आक्षेप रास्तच आहे. कादंबरीतल्या खुरट्या मनाच्या क्लेगसाठी स्टॅम्प फार देखणे आहेत, हा दुसरा आक्षेप मात्र तितका टिकत नाही. चित्रपटाची खरी अस्वस्थता त्या देखणेपणातूनच येते. शेजारी भेटायला येतो तेव्हा न्हाणीघरात तोंड बांधून ठेवलेली मिरांडा पायाने नळ सोडते आणि पाणी जिन्यावरून खाली वाहू लागते. ती सुटावी असे वाटत असतानाच, क्लेगची उडालेली तारांबळ पाहून प्रेक्षक क्षणभर त्याच्याही बाजूने श्वास रोखतो. हे लक्षात आल्यावर होणारा संकोच वायलर यांनी जाणूनबुजून घडवला आहे.

शेवटाचीही बरीच चर्चा झाली. मिरांडा मरते, क्लेगला शिक्षा होत नाही, तो पुढच्या मुलीच्या मागावर निघतो. गुन्हेगाराला शासन दाखवण्याचा आग्रह धरणारी हॉलिवूडची आचारसंहिता तेव्हा अजून लागू होती. ती १९६८मध्ये गेली.