प्रीमियर पद्मिनीचं हेड काम

प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुन्या लोकांची फियाट, हिच्या इंजिनचं सिलेंडर हेड, म्हणजे सिलेंडरांवरचं झाकण, उतरवून व्हॉल्व (हवा-धुराच्या झडपा), सीट (व्हॉल्व टेकतो ती रिंग), गाइड (व्हॉल्वची दांडी सरकते ती नळी) आणि गॅस्केट (ब्लॉक-हेडमधलं पॅकिंग) नव्याने बसवणं, याला गॅरेजमध्ये नुसतं हेड काम म्हणतात. गाडी मूळची इटलीची फियाट 1100, आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1964 पासून फियाट 1100 डिलाइट आणि 1974 पासून पद्मिनी या नावाने काढली. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, त्यामुळे आता हे काम मुख्यतः हौशी मालकच करून घेतात.

इंजिन 1089 सीसीचं, चार सिलेंडरचं, कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि वर व्हॉल्व दाबायला पुशरॉड-रॉकर. ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, आणि सगळी गोम इथेच आहे, कारण तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं, म्हणून गाडी एकदा जरी सणकून गरम झाली तरी हेड वाकतं, गॅस्केट जळतं आणि मग रेडिएटरमध्ये बुडबुडे, पांढरा धूर, ऑइल दुधाळ. त्यात वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलेलं असलं तर पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्लेल्या निघतात. अशा ठिकाणी आर्गन वेल्डिंगने भर घालून मगच फेस मारतात, म्हणजे हेडची खालची बाजू घासून सपाट करतात.

हेड सरळ आहे का ते स्टील पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खालून फिलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पाती) सरकवून बघायचं. 0.05 मिमीची पात सहज आत जायला लागली की लेथवर नेलेलं बरं. पण लेथवाल्याला फेस "साफ होईल इतकाच" मारायला सांगा, कारण जेवढं घासाल तेवढं कॉम्प्रेशन वाढतं, चढावर इंजिन नॉक करायला, म्हणजे ठकठक वाजायला लागतं, आणि जुनी हेडं आधीच दोन-तीनदा घासलेली असतात. चोर बाजारातून हेड आणणाऱ्यांनी तर आधी जाडी मोजावी, चकाकीवर जाऊ नये.

अपग्रेड म्हणाल तर माझ्या मते एकच करण्यासारखं आहे, एक्झॉस्टच्या, म्हणजे धुराच्या व्हॉल्वला कडक सीट. जुन्या पेट्रोलमधलं शिसं सीटवर पातळ थर धरायचं आणि तिला झिजू द्यायचं नाही, 2000 साली देशभर शिसंमुक्त पेट्रोल आलं आणि तो आधार गेला. सीएनजीवर हाल आणखी, गॅस कोरडा असतो. सीट झिजली की व्हॉल्व वर सरकतो, टॅपेटचा गॅप (रॉकर आणि व्हॉल्वमधली फट) आपोआप कमी होत जातो, आवाज येत नाही म्हणून मालक खूश असतो आणि तिकडे व्हॉल्व नीट बंद न झाल्याने जळतो. पोर्टिंग-पॉलिशिंगवर (हेडमधल्या हवा-धुराच्या वाटा, म्हणजे पोर्ट, मोठ्या आणि गुळगुळीत करण्यावर) पैसे घालणारे भेटतात, पण एवढ्याशा इंजिनात त्याचा फरक रस्त्यावर फारसा कळत नाही, त्यापेक्षा रेडिएटर साफ करून घ्या!

सीट बदलली की गाइडही बघायचे, गाइड ढिला असेल तर सीट कितीही सुंदर कापा, व्हॉल्व हलतच बसणार. कटिंगनंतर पेस्ट लावून हाताने लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व सीटवर फिरवून घासणं, सीटवर अखंड राखाडी रिंग दिसेपर्यंत, आणि मग चेंबर वर करून पेट्रोल ओतून ठेवायचं, पोर्टमध्ये ओल आली की परत लॅपिंग.

हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना). थोडं चालवून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर परत एकदा टाइट करतात, आणि त्यानंतर टॅपेट पुन्हा सेट करावेच लागतात, कारण गॅस्केट दबून गॅप बदललेला असतो.